करंट, पेट्रोल आणि कान : जुन्या फियाटच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत महाराष्ट्रातील शहरांत मोटार बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या गाडीचा बिघाड स्वतः ओळखण्याची आणि शक्य तेवढा स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याची जी रीत जोपासली, तिच्या मुळाशी हौस फार थोडी होती आणि टंचाई फार मोठी होती. नवी गाडी वर्षानुवर्षे मिळत नसे, मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवावी लागे, आणि त्या काळात गाडीची मूळ रचना जवळजवळ बदलत नसे. त्यामुळे एका पिढीने जे शिकून घेतले ते पुढच्या पिढीलाही जसेच्या तसे उपयोगी पडे, आणि दुरुस्तीचे ज्ञान गॅरेजच्या चार भिंतींत न राहता इमारतींच्या आवारांत साठत गेले. या रीतीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी एकाच गाडीचा इतिहास आहे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी ही गाडी कागदोपत्री आधी फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तरी लोकांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

पहिल्या महायुद्धापूर्वी आणि नंतरची काही वर्षे मोटार ही संस्थानिक, बडे व्यापारी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरती मर्यादित होती, आणि त्या घरांत गाडी चालवणे व दुरुस्त करणे ही दोन्ही कामे पगारी ड्रायव्हरकडे असत. मालकाने बॉनेट उघडून आत हात घालणे त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत बसणारे नव्हते. १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संघटना स्थापन झाली, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करणारा कारखाना सुरू केला, तेव्हा शहरातील गाड्यांची संख्या वाढू लागली. तथापि या गाड्या परदेशी आराखड्यांच्या, अनेक कंपन्यांच्या आणि सतत बदलणाऱ्या नमुन्यांच्या असल्यामुळे एखाद्या गाडीविषयी मिळवलेले ज्ञान दुसऱ्या गाडीला फारसे लागू पडत नसे. दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी बदलल्या. पेट्रोलचे रेशनिंग झाल्यामुळे गाडी कमीत कमी इंधनात चालवण्याची कला मालकांना शिकावी लागली, आणि युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेली वाहने, पाने, जॅक व सुटे भाग बाजारात आल्यामुळे हत्यारे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डीसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी होऊ लागली. १९५० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० भारतात आली. याच सुमारास सरकारने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम पुढे तीन दशके टिकला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार असे ठरले की, ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी देशातच बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जुळणी करण्याचा व्यवसाय बंद करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या भारतातून निघून गेल्या, आणि सर्वसामान्य ग्राहकापुढे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड असे तीनच कारखाने उरले. त्यांतील उत्तरपाड्याची अँबॅसडर सरकारी कचेऱ्यांची आणि मोठ्या कुटुंबांची गाडी ठरली. मुंबई-पुण्याच्या डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि छोट्या कारखानदारांच्या दारात मात्र प्रामुख्याने फियाट उभी राहिली.

१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट हा नमुना आला आणि पुढे हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअरचा दांडा, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा ही तिची मूळ चौकट होती. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले, पण कुर्ल्यात या गाडीचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होते. अर्थतज्ज्ञांनी या स्थितीचे वर्णन परवाना-पद्धतीतून आलेला साचलेपणा असे केले आहे आणि उद्योगाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर याच साचलेपणामुळे एक लोकविद्या तयार होऊ शकली, ही बाजू औद्योगिक इतिहासात सहसा नोंदली जात नाही. १९६५ च्या डिलाइटचा कार्ब्युरेटर ज्याने उघडला होता, त्याला १९८५ च्या पद्मिनीचे बॉनेट उघडल्यावर बहुतेक सर्व काही ओळखीचे दिसे.

टंचाईचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय या लोकविद्येचे महत्त्व कळत नाही. गाडीसाठी अनामत रक्कम भरून नाव नोंदवावे लागे आणि पाळी येण्यास अनेक वर्षे लागत. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती कायद्याने ठरवून दिल्या, तरी मागणी आणि पुरवठा यांतील अंतर इतके होते की थोडी वापरलेली फियाट कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. अशा परिस्थितीत गाडी बिघडली म्हणून बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. १९७३ नंतर जागतिक तेलसंकटामुळे पेट्रोल महागले, तेव्हा गाडीचे ट्यूनिंग म्हणजे ठिणगी, हवा व इंधन यांचा मेळ नीट बसवणे हे मासिक खर्चाशी थेट जोडले गेले. गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते याचा हिशोब अनेक घरांत डायरीत ठेवला जाई, आणि तो आकडा घसरला की दुरुस्तीची पेटी बाहेर निघे.

या घरगुती रोगनिदानाचा पाया एका साध्या प्रश्नात होता: करंट येत नाही की पेट्रोल येत नाही? इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पडून ते पेटते. म्हणून बंद पडलेल्या गाडीत या दोहोंपैकी एक गोष्ट पोहोचत नाही, किंवा दोन्ही पोहोचूनही मिश्रण पुरेसे दाबले जात नाही, एवढ्यातच बहुतेक बिघाड सामावतात. निदानाची सुरुवात चावी फिरवण्यापासून होई. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी विजेची मोटर, मुळीच हलली नाही आणि हेडलाइटही मंद झाले, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलांचा समजला जाई. टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुऊन, जोड घट्ट करून त्यावर ग्रीस लावणे हा या विद्येतला पहिला धडा होता. सेल्फ व्यवस्थित फिरत असून इंजिन धरत नसेल, तर मात्र करंटची खरी तपासणी सुरू होई.

ही तपासणी डोळ्यांनी होत असे आणि तिच्यासाठी एका पकडीखेरीज कशाचीही गरज नव्हती. प्लगवर बसलेली जाड वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरायचे, पकडीची मूठ कोरडी आणि रबराची असल्याची खात्री करायची आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. टोकातून निळी, कडकडणारी ठिणगी उडाली तर करंट ठीक आहे असे मानले जाई. ठिणगी पिवळट आणि अशक्त असेल तर शोध डिस्ट्रिब्युटरकडे वळे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगांना ठरलेल्या क्रमाने करंट वाटणारा भाग, आणि फियाटमध्ये हा क्रम १-३-४-२ असा असे. त्याच्या आत सीबी पॉइंट नावाचे दोन छोटे संपर्कबिंदू असतात, जे इंजिनाच्या गतीबरोबर सतत उघडतात व मिटतात. ते उघडताना बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. प्रत्येक वेळी उघडताना पॉइंटवर बारीकशी ठिणगी उडून त्यांचे पृष्ठभाग खडबडीत होतात. ती ठिणगी शोषून घेण्यासाठी शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. कंडेन्सर कमकुवत झाला की पॉइंट वारंवार जळतात, म्हणून पॉइंट पुन्हा पुन्हा खराब होत असतील तर जाणकार माणूस पॉइंट न बदलता आधी कंडेन्सर बदले. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांतला गॅप अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी ठेवायचा असे. त्यासाठी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा संच, वापरला जाई. लुकास-टीव्हीएसचे विजेचे भाग आणि मायको कंपनीचे प्लग ही नावे या काळात इतकी रुळली होती की पुष्कळ घरांत ती वस्तूंचीच नावे झाली होती.

पेट्रोलची तपासणी त्याहून सोपी होती. इंजिनाच्या बाजूला बसवलेला आणि पडद्याच्या हालचालीवर चालणारा पेट्रोल पंप, ज्याला बाजारात एसी पंप म्हणत, टाकीतले इंधन खेचून कार्ब्युरेटरकडे ढकलत असे. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून सेल्फ मारला आणि नळीतून पेट्रोल धडधड उसळले, तर पंप शाबूत. थेंब थेंब आले तर पंपाचा रबरी पडदा फाटला किंवा गाळणीत कचरा अडकला असे ठरे. पंप ठीक असेल तर कार्ब्युरेटर उघडायचा. फियाटचा सोलेक्स कार्ब्युरेटर काही स्क्रू काढले की हातात येई, आणि त्यातले जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारी पितळी छिद्रे, तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने फुंकून साफ केली जात. जेटमध्ये तार घालू नये हा नियम प्रत्येक अनुभवी माणूस नवख्याला बजावत असे, कारण पितळ मऊ असते, तारेने छिद्र किंचितही रुंदावले तर गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते, आणि तो दोष नंतर कितीही ट्यूनिंग केले तरी जात नाही.

या पद्धतीत आणखी एक सुंदर युक्ती होती. इंजिन चालू आहे पण अडखळते आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत मिसिंग मारते आहे, अशा वेळी चारही प्लगांच्या वायरी एकामागून एक काढून पाहायच्या. जी वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडतो तो सिलिंडर काम करत आहे. जी काढल्यावर काहीच फरक पडत नाही तोच सिलिंडर मेलेला. मग त्या सिलिंडरचा प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग वाचायचा: बदामी-तपकिरी असेल तर सर्व ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, ओला तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल वर चढते आहे, आणि पांढरट भाजलेला असेल तर इंजिन जास्त तापते आहे. सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचेही असेच वाचन होई. काळा धूर जास्त पेट्रोलचा आणि निळा धूर जळणाऱ्या ऑइलचा. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर मात्र हेड गॅस्केट गेल्याची खूण समजला जाई, आणि त्याची खात्री ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसल्यावर होई. टॅपेटचा खडखडाट आणि बेअरिंगचा ठोका यांतला फरक ओळखण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी टेकवण्याची रीत सार्वत्रिक होती. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम होते, आणि जाणकाराचा कान हे त्याचे सर्वात मौल्यवान हत्यार मानले जाई.

महाराष्ट्राच्या हवामानाने आणि भूगोलाने या विद्येला काही खास प्रकरणे जोडली. मुंबईच्या पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नसे, याचे कारण बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये साचलेला दमटपणा असे. तो ओलावा करंटला प्लगपर्यंत जाऊ न देता वाटेतच धातूकडे वळवतो. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसणे, ती घरात नेऊन तव्याच्या किंवा दिव्याच्या उबेवर थोडा वेळ ठेवणे, आणि कॅपमध्ये केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती तडा समजून कॅप बदलणे, हे जून ते सप्टेंबरपर्यंतचे नेहमीचे काम होते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक लागत नाहीत, कारण ड्रमच्या आत पाणी शिरते. म्हणून काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवावी आणि अस्तरे वाळू द्यावीत, हेही बहुतेक मालकांना माहीत असे.

घाटांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होण्यापूर्वी मुंबई-पुणे प्रवास म्हणजे बोर घाटातून खोपोली ते खंडाळा अशी लांबच लांब चढण चढणे होय, आणि उन्हाळ्यात त्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग नित्याची होती. कसारा घाट, खंबाटकी आणि आंबोली येथेही हेच दृश्य दिसे. रेडिएटरमधले पाणी उकळले असेल तर ते समोर दिसते, आणि गरम रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये हा सावधगिरीचा नियम अनेकांनी हात भाजून घेतल्यावर प्रस्थापित झाला. पण कधी पाणी ठीक असूनही गाडी चढावर बंद पडे, अर्धा तास थांबल्यावर आपोआप सुरू होई आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबे. या लक्षणाची दोन वेगवेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे एअर लॉक: इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफ ढकलू शकत नाही. दुसरे म्हणजे तापल्यावर कॉइलच्या आतली गुंडाळी दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करू लागते. दोन्हींची लक्षणे वरकरणी अगदी सारखी असल्यामुळे पंपावर ओले फडके ठेवणारे अनेक जण खरे तर कॉइलच्या दोषासाठी पंपाला थंड करत बसत, आणि गाडी सुरू झाली की आपला उपाय बरोबर ठरला असे समजत. योग्य निदान म्हणजे गाडी बंद पडल्याबरोबर, ती थंड होण्याआधीच, ठिणगी पाहणे: ठिणगी जोरदार असेल तर दोष पेट्रोलचा, ठिणगी नसेल तर कॉइलचा. निदानाला लक्षणाच्या क्षणीच महत्त्व आहे, नंतर नाही, हे तत्त्व या एका उदाहरणात जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कोठे होते.

सर्वच घरगुती उपाय सारखे निर्दोष नव्हते, आणि त्यांचे गौरवीकरण करताना हा भेद पाळणे आवश्यक आहे. पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती लागली तर धुण्याच्या साबणाची वडी ओली करून त्या जागी घासली जाई. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसल्यामुळे हा उपाय घरी पोहोचेपर्यंत खरोखर टिके. रेडिएटर गळत असेल तर त्यात हळदपूड टाकण्याची रीतही सर्वत्र होती. हळदीचे कण गळतीच्या छिद्रात अडकून ते बुजते हे खरे, पण तेच कण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही साचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात इंजिन जास्त तापू लागते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत त्याचे अभिसरण रोखणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मिस्त्री सर्रास देत आणि मालक मुकाट्याने मानत. त्यामुळे घाटात थोडा आराम मिळे, परंतु एरवी इंजिन सतत थंड चालून पेट्रोल जास्त जळे आणि सिलिंडर लवकर झिजत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद बसवणे हा तर उघड धोकाच होता, कारण अशाने तारा जळून आग लागण्याची शक्यता असे. चांगल्या घरगुती दुरुस्तीत आणि तात्पुरत्या जुगाडात असलेले हे अंतर त्या काळातील जाणकारांना पुरते माहीत होते. अडचण एवढीच होती की सुटा भाग वेळेवर मिळत नसल्यामुळे तात्पुरता उपाय अनेकदा कायमचा होऊन बसे.

सुट्या भागांच्या बाजाराला स्वतंत्र इतिहास आहे. १९६० च्या दशकापासून सरकारने मोटारींच्या अनेक सुट्या भागांचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवले, त्यामुळे गॅस्केट, रबरी नळ्या, बुश, केबल अशा वस्तू शेकडो छोट्या कारखान्यांतून बनू लागल्या आणि त्यांच्या दर्जात प्रचंड तफावत आली. दुकानात गेल्यावर मालकाला पहिल्यांदा विचारला जाणारा प्रश्न, कंपनीचा हवा की लोकल, हा याच धोरणाची उपज होता. मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ला, तसेच पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची केंद्रे बनली, आणि नव्याने मिळत नसलेल्या वस्तूंसाठी मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही ठिकाणे होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात जी छोटी वर्कशॉपे उभी राहिली, त्यांनी पुण्यातील मोटारमालकांना एक वेगळी सोय उपलब्ध करून दिली: बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन ओळखीच्या लेथवर करून घेता येई. पुण्यातील घरगुती दुरुस्ती मुंबईच्या मानाने अधिक धाडसी होती असे जे म्हटले जाते, त्यामागे कारखान्यातील कामगार, तंत्रज्ञ आणि मोटारमालक यांचा हा जवळचा संबंध असावा.

मुंबईत मात्र या विद्येचे खरे विद्यापीठ म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी होती. हजारो टॅक्सी एकाच नमुन्याच्या असल्यामुळे प्रत्येक बिघाड कोणाला ना कोणाला आधीच झालेला असे आणि त्यावरचा उपाय टॅक्सी स्टँडवर सर्वांना माहीत असे. दिवसाचा धंदा बुडू नये म्हणून टॅक्सीवाले पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट आणि एक जादा कॉइल डिकीत बाळगत, आणि रस्त्यात अडलेल्या खासगी फियाटला पहिली मदत बहुधा त्यांच्याकडूनच मिळे. वर्कशॉपचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही होत्या. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्या अंतर्गत स्थापन झालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला. पण घरी दुरुस्ती करणाऱ्याचे शिक्षण पुस्तकापेक्षा रविवारच्या सकाळी होई. ब्रेकमधली हवा काढण्याचे काम एकट्याने होत नाही: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल ढिले करून बुडबुड्यांसह ब्रेक ऑइल बाहेर काढायचे आणि पेडल सुटण्याआधी निपल पुन्हा आवळायचे. पेडलवर बसणारा बहुधा घरातला मुलगा किंवा मुलगी असे, आणि दाब, सोड या हाकांच्या तालावर त्या मुलांना पाने कोणत्या आकाराचे असतात, कोणता नट उलटा फिरतो आणि काय किती आवळायचे हे आपोआप समजत जाई. कमी आवळलेला नट सुटतो आणि जास्त आवळलेल्या नटाचे आटे जातात, यांतला मधला अंदाज शब्दांत सांगता येत नाही. तो हातातून हातातच जातो.

या व्यवस्थेला पहिला धक्का डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० च्या आगमनाने बसला. मारुती हलकी, जपानी आराखड्याची आणि कमी बिघडणारी होती, आणि तिच्याबरोबर अधिकृत सर्व्हिस स्टेशनांचे जाळे आले. गाडी ठरावीक किलोमीटरनंतर सर्व्हिसिंगला सोडायची, ती बिघडण्याची वाट पाहायची नाही, ही सवय मध्यमवर्गात याच काळात रुजली. तरीही सुरुवातीच्या मारुतीला कार्ब्युरेटर होता आणि जुनी विद्या पूर्णपणे निरुपयोगी झाली नव्हती. तिच्यापुढे मूलभूत अडचण उभी राहिली ती प्रदूषण-नियमांमुळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत महत्त्वाचा होता, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-सीटला शिशाच्या थरामुळे जे संरक्षण मिळत होते ते नाहीसे झाले, आणि मिस्त्रींच्या भाषेत व्हॉल्व्ह बसू लागले. त्याच सुमारास उत्सर्जनाची मर्यादा पाळण्यासाठी नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला संगणकाच्या आज्ञेनुसार मोजून इंधन देणारी प्रणाली, आली. पॉइंट, कंडेन्सर, जेट या वस्तूच गाडीतून नाहीशा झाल्या, आणि करंट की पेट्रोल हा प्रश्न विचारला तरी त्याचे उत्तर डोळ्यांना दिसेनासे झाले. २०१० पासून भारतातील नव्या मोटारींत स्वतःचे दोष नोंदवून ठेवणारी ओबीडी प्रणाली बंधनकारक झाली आणि निदानाचे काम स्कॅनरकडे गेले. स्कॅनर कोणत्या भागाकडून चुकीची माहिती येते आहे हे सांगतो. ती का येते आहे हे मात्र अजूनही माणसालाच शोधावे लागते, आणि तेथे जुन्या पद्धतीने विचार करणारा मेकॅनिक आजही उजवा ठरतो.

मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाल्या, आणि त्यांच्याबरोबर सुट्या भागांची मोठी मागणीही संपली. खासगी फियाट सांभाळणाऱ्यांपुढे आज वेगळीच प्रकरणे आहेत. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे लवकर फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी जमते आणि पितळी जेटवर हिरवट थर चढतो. त्यामुळे या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या बसवणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करणे, हे दोन नवे नियम जुन्या नियमांच्या यादीत दाखल झाले आहेत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम अधिसूचित केले, आणि १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयोमर्यादेला पोहोचू लागल्या आहेत. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा देखभालीपुरतीच रस्त्यावर काढता येते. या नियमांची अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. परंतु टंचाईच्या काळात सुटा भाग मिळत नव्हता म्हणून ज्या गाड्यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले गेले, आणि केवळ त्यामुळेच ज्या आजवर चालत राहिल्या, त्या गाड्या या नोंदणीस पात्र ठरत नाहीत.